देव नसलेली जागा

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. पाठोपाठ उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. दरवाजात लोंबकळणाऱ्या माणसाला पाट्या वाचण्याची हौस नसते आणि बसायला जागा मिळालेला डुलकी काढत असतो. पण एखाद्या रविवारी गाडी रिकामी असली, की या पाट्यांकडे जरा नीट पाहावे. पहिल्या स्थानकाच्या नावात पंढरीचा विठोबा आहे. तिसऱ्याच्या नावात महादेव. आणि मधले उल्हासनगर म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या, घरात गुरू नानकांची तसबीर लावणाऱ्या माणसांनी वसवलेले शहर. एक डुलकी पुरी होण्याआधी देवाविषयीच्या तीन निरनिराळ्या धारणा खिडकीबाहेरून सरकून जातात.

शाळेत आपण एक सोपी विभागणी शिकलो. ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान आणि शीख हे एकच देव मानणारे. हिंदू, जुने ग्रीक, जुने रोमन हे अनेक देव मानणारे. वहीत दोन रकाने आखायचे आणि नावे भरायची. परीक्षेत मार्क मिळायला हे पुरेसे होते. पण याच परिसरात फिरताना ते रकाने पुसट होऊ लागतात. अंबरनाथचे शिवमंदिर घ्या. वालधुनीच्या काठावरचे हे देऊळ शके ९८२ मधले, म्हणजे इसवी सन १०६० चे, शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातले. बाहेरच्या भिंतींवर देवदेवतांची अशी दाटी, की बोट ठेवायला सपाट दगड मिळू नये. आत जाऊन वीसेक पायऱ्या उतरलात, की मात्र सगळी गर्दी संपते. खाली गाभाऱ्यात लिंग, आणि वर छप्पर नाही, मोकळे आकाश. अनेक की एक? बांधणाऱ्याला हा प्रश्न पडला असेल असे वाटत नाही. बाहेरून आत जाणारी ती एकच वाट होती.

तेथून एक स्थानक मागे, उल्हासनगरच्या एखाद्या सिंधी टिकाण्यात शिरा. टिकाणा म्हणजे दरबार. देऊळ म्हणा, गुरुद्वारा म्हणा, दोन्ही थोडे थोडे. मध्यभागी चांदव्याखाली, रुमाल्यात जपलेला गुरू ग्रंथसाहिब. भिंतीवर माशावर बसलेला, पांढऱ्या दाढीचा झुलेलाल. बाजूला राधाकृष्ण, शंकर, दुर्गा. मूर्तिपूजा न मानणाऱ्या पंथाचा ग्रंथ आणि मूर्ती एकाच छताखाली! रकाने आखणाऱ्याने येथे पेन्सिल खाली ठेवावी.

आणि त्या ग्रंथात, रुमाल्याच्या घडीखाली, एका मराठी शिंप्याची ६१ पदे आहेत. तो शिंपी म्हणजे संत नामदेव. एक की अनेक हा प्रश्न ज्याने पोथीत वाचला नाही, तर ऐंशी वर्षे अंगावर घेतला, असा मराठी मुलखातला माणूस शोधायचा झाला तर मला तरी त्यांचेच नाव सुचते.

परंपरेप्रमाणे नामदेवांचा जन्म शके ११९२ मधला, कार्तिक शुद्ध एकादशीचा. इसवी सन १२७०. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी भाषेच्या आधारे त्यांना बरेच अलीकडे आणले होते, पण वारकऱ्यांनी आणि बहुतेक अभ्यासकांनी जुनीच तिथी धरली आहे. घराण्याचे मूळ गाव आजच्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी. आता त्याला नरसी नामदेव म्हणतात. वडील दामाशेटी, आई गोणाई. व्यवसाय शिवणकामाचा. घरात विठ्ठलाची भक्ती आधीपासून होती, आणि मुलाचे सारे बालपण पंढरपुरात, देवळाच्या सावलीत गेले.

त्या बालपणाची एक गोष्ट मराठी घराघरांत सांगितली जाते. दामाशेटी बाहेर गेलेले, म्हणून नैवेद्याचे ताट लहानग्या नाम्याच्या हाती आले. मोठी माणसे नैवेद्य दाखवतात, डोळे मिटतात आणि ताट घरी आणतात. हा शिष्टाचार त्या पोराला कोणी शिकवला नव्हता. देवापुढे ठेवले म्हणजे देवाने खायला हवे, एवढेच त्याला कळत होते. देव खाईना, तेव्हा त्याने रडून, रुसून, शेवटी डोके आपटून घेण्याची तयारी दाखवली आणि विठोबाला जेवावे लागले. उत्तरेत हीच गोष्ट दुधाच्या वाटीची होऊन गेली. ग्रंथसाहिबातल्या एका पदात ती आहे.

गोष्ट गोड आहे, पण तिचा विचार करू लागलो की काहीतरी निराळेच हाती लागते. वहीतल्या रकान्यांत बसवायचे झाले, तर हा मुलगा अगदी पक्का एकदेववादी ठरेल! त्याला दुसरा देव ठाऊकच नव्हता. त्याचा देव एकच, तो विटेवर उभा, त्याची जागा पंढरपूर, आणि तो फक्त त्याच्याशी बोलतो. मूर्ती आहे म्हणून आपण त्याला दुसऱ्या रकान्यात टाकतो. पण दुसरा कोणी नको, दुसरीकडे कोठे नको, ही वृत्ती एका देवावरच्या श्रद्धेची जितकी असते तितकीच हट्टाचीही असते. नामदेवांचे पुढचे सारे आयुष्य हा हट्ट सुटण्याची कहाणी आहे.

तो सहज सुटला नाही. लग्न झाले; राजाई घरात आली; नारा, विठा, गोंदा, म्हादा ही मुले झाली. जनाबाईही याच घरात वाढली, दळणकांडण करता करता अभंग रचू लागली. नामा मात्र देवळात. दुकानावर लक्ष नाही, घरात दाणा नाही. गोणाईची चिडचिड, राजाईचे गाऱ्हाणे यांवरचे अभंग गाथेत आहेत आणि ते वाचताना आजच्या गृहिणीलाही कोठेतरी ओळखीचे वाटेल. भक्ताचे चरित्र लिहिताना आपण त्याच्या बायकोची बाजू सहसा वगळतो. या घराने तरी ती वगळली नाही.

पुढे ज्ञानदेव भेटले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही भावंडे वयाने नामदेवांच्या बरोबरीची किंवा लहानच. संतांच्या मेळाव्यात मुक्ताईने गोरोबाकाकांना सांगितले, की तुम्ही कुंभार. ही मडकी भाजलेली आहेत की कच्ची, ते थापटून पाहा. गोरोबा थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारीत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले, तक्रार करू लागले. निकाल लागला: मडके कच्चे. ज्याच्याशी प्रत्यक्ष विठोबा बोलतो त्याला असे सर्वांसमोर कच्चे ठरवावे, हा अपमान त्यांना सोसवेना. ते तडक पांडुरंगाकडे गेले. तेथे तरी आपली बाजू घेतली जाईल असे वाटले होते. पण देवानेही गुरू कर म्हणूनच सांगितले.

गुरू भेटले ते विसोबा खेचर, आणि भेटीची जागा म्हणून परंपरा औंढ्या नागनाथाचे नाव घेते. औंढ्याचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की तेथलेही लिंग जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने वाकून, उतरून जावे लागते. अंबरनाथच्या पायऱ्यांची आठवण व्हावी. नामदेव तेथे पोहोचले तेव्हा एक म्हातारा शिवलिंगावर पाय ठेवून खुशाल पडला होता. विठ्ठलाच्या भक्ताला शंकराची ही विटंबनाही पाहवेना. त्यांनी पाय काढायला सांगितले. म्हातारा म्हणाला, की बाबा, अंगात त्राण नाही. जेथे देव नसेल अशा जागी तूच माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून एका बाजूला ठेवले, तेथे लिंग उमटले. दुसरीकडे ठेवले, तेथेही लिंग. देव नसलेली जागा काही सापडेना.

उल्हासनगरच्या सिंधी घरातल्या मुलाला ही गोष्ट सांगितली, तर तो म्हणेल, की ही आमची आहे. कारण त्याने ती आजीकडून गुरू नानकांविषयी ऐकलेली असते. नानक मक्केला गेले, काबेकडे पाय करून झोपले, कोणी रागावले तेव्हा त्यांनी हेच सांगितले. आणि जिकडे पाय फिरवले तिकडे काबा फिरला. नानकांचा जन्म १४६९ चा, म्हणजे नामदेवांनंतर दोनशे वर्षांनी. कोणी कोणाची गोष्ट घेतली याची चौकशी विद्वानांनी करावी. मला त्यातला फरक अधिक मोलाचा वाटतो. मूर्ती मानणाऱ्यांनी ती गोष्ट मूर्तीच्या गाभाऱ्यात घडवली, आणि एकच निराकार मानणाऱ्यांनी ती काब्यासमोर घडवली. देवाला एका जागी बसवण्याचा मोह दोन्हीकडे सारखाच असतो, हे दोन्हीकडच्या गोष्टी सांगणाऱ्यांना कळलेले होते.

विसोबांच्या भेटीनंतर नामदेवांची वाणी बदलली. दगडाचा देव बोलत नाही, घाव घातला तर फुटतो, असे स्पष्ट सांगणारी रचना त्यांच्या नावावर आहे. ज्याच्यासाठी विठोबा जेवला त्याने हे म्हणावे! मग पंढरपूर सोडले का? नाही. गंमत येथेच आहे. मूर्ती खोटी ठरवून ते बाहेर पडले नाहीत. आषाढी चुकली नाही, कीर्तन थांबले नाही. विठ्ठल विटेवर आहेच, पण विटेवरच आहे हे म्हणणे सुटले. मराठीत एका ‘च’ने केवढा फरक पडतो!

ज्ञानदेवांबरोबरच्या तीर्थयात्रेत या नव्या शहाणपणाची परीक्षा झाली. नामदेवांना पंढरी सोडवेना; शेवटी विठ्ठलानेच त्यांचा हात ज्ञानदेवांच्या हाती दिला, असे तीर्थावळीत वर्णन आहे. वाटेत, राजस्थानात बिकानेरजवळ कोलायतला, दोघांना तहान लागली. विहीर खोल, दोर नाही. ज्ञानदेव योगी, सूक्ष्म रूपाने उतरून पाणी पिऊन आले. नामदेवांना योग येत नव्हता. त्यांनी विठ्ठलाचा धावा केला आणि विहीर भरून काठावरून वाहू लागली. पंढरपूर शेकडो कोस मागे राहिले होते, तरी हाक पोहोचली. चमत्कार आपण माना अथवा मानू नका. सांगणाऱ्याला जे सांगायचे आहे ते एवढेच, की वीट पंढरपुरात होती आणि विठ्ठल राजस्थानच्या वाळवंटातही होता.

१२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. त्या प्रसंगाचे हृदय पिळवटणारे वर्णन नामदेवांच्याच अभंगांत आहे. मराठीतले पहिले चरित्रकार त्यांना म्हणतात ते याच अभंगांमुळे. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला आणि पुढच्या बावीस वर्षांत यादवांचे राज्य संपले. मुलूख बदलत होता. देव एकच आहे आणि त्याला आकार नाही, असे मानणारे राज्यकर्ते आता दाराशी होते. अशा वेळी नामदेव उत्तरेकडे निघाले. पंजाबात, आजच्या गुरुदासपूर जिल्ह्यात, घुमान नावाच्या जागी ते राहिले. परंपरा सुमारे वीस वर्षे म्हणते. तेथे अजून त्यांच्या नावाचे स्थान आहे, माघात मेळा भरतो, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तेथे भरले. वारकरी संप्रदायाचे अभ्यासक डॉ. सदानंद मोरे त्याचे अध्यक्ष होते. मराठी माणसे रेल्वेने दीड-दोन दिवसांचा प्रवास करून गेली, आणि आपल्या नामदेवांना तेथले लोक बाबा नामदेव म्हणतात हे ऐकून हरखली.

उत्तरेत नामदेव हिंदी बोलू लागले, आणि जी पदे ग्रंथसाहिबात जपली गेली ती या काळातली मानली जातात. अठरा रागांत विखुरलेली ही पदे वाचताना मराठी वाचकाला आधी धक्का बसतो. एका पदात ते देवळात आणि मशिदीत देव शोधणाऱ्या दोघांनाही टोले देतात. तेथे हिंदू आंधळा आणि मुसलमान एकाक्ष ठरतो, आणि आपण ज्याला भजतो त्याला ना देऊळ लागते ना मशीद, असा निर्वाळा येतो. दुसऱ्या एका पदाचा रोख असा, की एक दगड आपण पुजतो आणि दुसऱ्यावर पाय देतो. हा देव तर तोही देव. भैरव, शीतला यांच्यामागे धावणाऱ्यांचीही ते थट्टा करतात. हे सगळे वाचून कोणीही म्हणेल, की हा माणूस आता एकेश्वरवादी झाला.

पण पान उलटा. त्याच ग्रंथात त्यांचे दुधाचे पद आहे, आणि त्यात मूर्ती दूध पिते. त्याच ग्रंथात देऊळ फिरल्याचे पद आहे: जातीवरून हाकलून दिल्यावर नामदेव देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देवळाने तोंड फिरवून त्यांच्याकडे केले. मराठवाड्यात ही कथा औंढ्याचीच म्हणून सांगतात. सुलतानाने मेलेली गाय जिवंत करून दाखव म्हणून धमकावले, तेव्हाची गोष्टही तेथे आहे. आणि त्याच ग्रंथात पूजेविषयीचे एक फार सुंदर पद आहे. देवाला स्नान घालायला घागरीत पाणी आणावे, तर त्यात आधीच असंख्य जीव राहून गेले. फुले वाहावीत, तर भुंग्याने आधी वास घेतला. खीर करावी, तर दूध वासराने उष्टे केले. नामदेवांचे म्हणणे असे, की त्या जीवांत, त्या भुंग्यात, त्या वासरात विठ्ठलच होता. तेव्हा पूजा आधीच होऊन गेली.

हे पद मला त्यांच्या सगळ्या आयुष्याचे उत्तर वाटते. देव किती, हा प्रश्न त्यांनी सोडवला नाही; तो त्यांना मोजणीचा वाटलाच नाही. एक म्हणजे इतर सारे वजा करून उरलेला, असा त्यांचा एक नव्हता. बाकी सारे त्यात मिळवल्यावर जो येतो तो त्यांचा एक. म्हणून ते मूर्तीला हसू शकत होते आणि मूर्तीपुढे रडूही शकत होते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत प्रार्थना समाज निघाला, १८६७ साली. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांसारखे थोर पुरुष त्यात होते. एकाच निराकार ईश्वराची उपासना करायची आणि त्यासाठी संतांचे अभंग गायचे, हा त्यांचा परिपाठ. हेतू निर्मळ होता. तरी नामदेवांकडून एक घ्यायचे आणि वीट मागे ठेवायची, तर हाती अर्धेच नामदेव लागतात. आणि आपण पंढरीला जाऊन विटेवर डोके टेकतो, पण औंढ्याची गोष्ट विसरून येतो, तेव्हा उरलेले अर्धे.

नामदेव उतारवयात पंढरपूरला परतले. एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे, कारण त्याच्याशिवाय ही देवाची चर्चा नुसती तोंडची वाफ ठरेल. त्यांचे सोबती चोखोबा. जातीमुळे देवळात जाता येत नसे, महाद्वाराबाहेरून विठ्ठलाला हाक घालीत. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा व इतर मजूर गाडले गेले. नामदेव तेथे गेले. ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, त्यावरून त्या ओळखल्या, असे सांगतात. सर्वत्र देव आहे असे म्हणणे सोपे असते. पंढरपूरच्या बडव्यांनाही ते तोंडपाठ असेल. पण चोखोबा मात्र बाहेर! त्या देवळाचे दार सर्वांना उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले.

स्वतः नामदेवांनी शके १२७२ मध्ये, म्हणजे १३५० साली, आषाढ वद्य त्रयोदशीला देह ठेवला. परंपरा म्हणते, की कुटुंबीयांसह त्यांनी महाद्वाराच्या पायरीशी समाधी घेतली. जागा त्यांनीच मागून घेतली होती: आत जाणाऱ्या संतांच्या पायांची धूळ अंगावर पडावी अशी. औंढ्याला विसोबांचे पाय उचलताना ज्याचा संताप झाला होता, त्याने शेवटी स्वतःला पायांखाली ठेवले. आज नामदेव पायरीला हात लावून, तिच्यावर पाय न देता, वारकरी ती ओलांडतो.

पदे मात्र पायरीशी थांबली नाहीत. १६०४ साली अमृतसरला गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा गुरूंच्या वाणीबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद यांच्यासह नामदेवांनाही स्थान दिले. याच ग्रंथात सधना नावाच्या खाटकाचेही एक पद आहे. हा सधना सिंधमधल्या सेहवानचा, अशी परंपरा. तो मांस तोलायला वजन म्हणून शाळिग्राम वापरी, आणि देवालाही ते गोड वाटे! महाराष्ट्राचा शिंपी आणि सिंधचा खाटीक असे एका पुठ्ठ्यात आले. १७०८ साली नांदेडला, म्हणजे नरसीच्या शेजारच्याच मुलखात, गुरू गोविंदसिंगांनी यापुढे ग्रंथ हाच गुरू असे जाहीर केले. नामदेवांची वाणी मराठवाड्यातून पंजाबात गेली आणि चारशे वर्षांनी गुरुपदी बसली ती पुन्हा मराठवाड्यात.

सिंधमधल्या हिंदूंनी हा ग्रंथ मनापासून आपला मानला. ते नानकपंथी म्हणवीत, केस मात्र राखीत नसत. ग्रंथापुढे माथा टेकीत आणि सिंधू नदीला दिवाही सोडीत. त्यांच्या उदेरोलालच्या, म्हणजे झुलेलालच्या दर्ग्यात मुसलमानही येत आणि त्यालाच शेख ताहिर म्हणत. इंग्रजांच्या शिरगणतीवाल्यांची तर त्यांनी पुरती तारांबळ उडवली; एका खेपेला शीख म्हणून मोजलेले लोक पुढच्या खेपेला हिंदूंत निघाले. रकाने आखणारे सरकारही तेच करत होते, जे आपण शाळेच्या वहीत केले.

मग फाळणी झाली. महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत, बराकींमध्ये, या लोकांना आणून ठेवले. एका बराकीत कित्येक कुटुंबे, मध्ये गोणपाटाचा पडदा. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावे आजही रिक्षावाला वापरतो. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते शहराची कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. भांडीकुंडी, दागदागिने, जमिनीचे कागद, सगळे मागे राहिले. गुरू ग्रंथसाहिब मात्र आला, आणि त्याच्यासोबत झुलेलालही. सिंधू मागे राहिली, तर उल्हास आणि वालधुनीच्या पाण्यात बहिराण्याचे दिवे सुटू लागले. पावसाळ्यात चाळीस दिवसांचा चालिहा अजून पाळला जातो, आणि चेटीचंडला, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आगेमागेच, मिरवणुका निघतात.

हे सारे गुण्यागोविंदाने चालले आहे असे लिहून थांबता आले असते, पण ते खरे होणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये इंदूरला एक वाद झाला. काही निहंग शिखांनी तेथल्या सिंधी दरबारांवर आक्षेप घेतला: जेथे मूर्ती आहेत तेथे गुरू ग्रंथसाहिब ठेवणे मर्यादेला धरून नाही, एक तर मूर्ती काढा नाही तर ग्रंथ द्या. सिंधी समाजाने अनेक दरबारांतले ग्रंथ डोक्यावर घेऊन गुरुद्वारात नेऊन दिले. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्यापुढे लग्ने लागली, बारशी झाली, तो ग्रंथ परत करताना माणसे रडली असतील तर नवल नाही. शिखांचीही बाजू आहे, आणि ती हलकी नाही. ग्रंथ हे त्यांच्यासाठी पुस्तक नव्हे, जिवंत गुरू आहे. गुरूच्या घरचे नियम गुरूचे शिष्य सांगणार. ज्यांनी त्या नियमांसाठी बलिदाने दिली त्यांना सैल व्हा असे तुम्ही आम्ही कोण सांगणार? पण ग्रंथात बसलेल्या नामदेवांना विचारले असते, तर त्यांनी कोणाला बाहेर काढायला सांगितले असते, हे ठरवणे मला तरी जमत नाही. मूर्तीला हसणारे पद त्यांचेच आणि मूर्तीला दूध पाजणारेही त्यांचेच. दोन्ही पाने एकाच ग्रंथाची.

ज्या टिकाण्यांत ग्रंथ आहे, तेथे पहाटे एक रीत असते. रुमाला बाजूला करून ग्रंथ उघडतात. पान ठरवून नव्हे, जे उघडेल ते. डाव्या पानावरचे वरचे पद मोठ्याने वाचतात, आणि तो त्या दिवसाचा हुकूम. समोर कोणी दुकान उघडायच्या घाईत, कोणी नातवाला शाळेच्या रिक्षात बसवून आलेले. कोणत्या दिवशी कोणाची वाणी निघेल हे कोणालाच ठाऊक नसते. कधी नानकांची निघते, कधी कबीरांची. कधी पाठ करणाऱ्याच्या सिंधी उच्चारांत बीठल हा शब्द येतो, आणि भिंतीवरच्या झुलेलालसमोर बसलेली म्हातारी डोक्यावरची ओढणी सारखी करून वाकते.